विश्लेषण : मोजक्या मोजमापांतून अज्ञाताची ओळख... दामोदर कोसंबींचे १९४३चे गणित क्वांटम संगणकाच्या काळात का महत्त्वाचे?

ऑगस्ट २०२४ मध्ये सहा क्यूबिटच्या भारतीय क्वांटम प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. प्रोसेसरची रचना आणि जडणघडण मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये झाली. त्याला चालवणारी आणि मोजणारी यंत्रणा डीआरडीओच्या पुण्यातील तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेने जुळवली. टीसीएसही या प्रकल्पात भागीदार होती. असे यंत्र तयार झाले की पहिला प्रश्न एकच असतो. आत जी क्वांटम अवस्था तयार झाली आहे, ती नेमकी कोणती? आणि ते कमीत कमी मोजमापांत कसे ओळखायचे?

या प्रश्नाच्या उत्तरामागे जे गणित आहे, त्याचा एक महत्त्वाचा धागा पुण्यातून निघतो. पुण्याहून रेल्वेने मुंबईत येऊन याच टीआयएफआरमध्ये सोळा-सतरा वर्षे काम केलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी तो १९४३ मध्ये मांडला. महाराष्ट्र आणि गोव्याला कोसंबी इतिहासकार म्हणून ठाऊक आहेत. गणिती कोसंबी मात्र बराच काळ विस्मरणात राहिले.

अज्ञात क्वांटम अवस्था मोजणे इतके अवघड का?

साध्या संगणकातील बिट ० किंवा १ असतो. क्यूबिट या दोन्हींच्या मिश्रणात राहू शकतो. अडचण अशी, की क्यूबिट मोजायला गेले की उत्तर ० किंवा १ एवढेच मिळते आणि मूळ अवस्था मोडून जाते. अज्ञात अवस्थेची हुबेहूब प्रत काढून ठेवावी म्हटले, तर तेही शक्य नाही. हे १९८२ मध्ये गणिताने सिद्ध झाले आहे.

मग मार्ग उरतो तो एकच. तीच अवस्था यंत्राकडून पुन्हा पुन्हा तयार करून घ्यायची, दर वेळी वेगळ्या दिशेने मोजायची आणि सगळ्या उत्तरांवरून मूळ चित्र जुळवायचे. सीटी स्कॅनमध्ये शरीराची अनेक कोनांतून छायाचित्रे घेऊन आतले चित्र उभे करतात, तसेच हे. म्हणून याला क्वांटम टोमोग्राफी म्हणतात.

एका क्यूबिटची अवस्था सांगायला ३ आकडे पुरतात. दोन क्यूबिटना १५ लागतात. सहा क्यूबिटना ४,०९५ आणि दहा क्यूबिटना १०,४८,५७५. प्रत्येक क्यूबिट वाढला की काम साधारण चौपट होते. २००५ मध्ये ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे आठ आयनांची अवस्था अशी पूर्णपणे मोजली गेली. त्यासाठी मोजमापाच्या ६,५६१ वेगवेगळ्या मांडण्या कराव्या लागल्या. प्रत्येक मांडणी १०० वेळा, म्हणजे एकूण ६,५६,१०० प्रयोग झाले आणि त्याला सुमारे १० तास लागले. पन्नास क्यूबिटसाठी हा मार्ग कोणत्याही यंत्राच्या आवाक्यात राहत नाही.

शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण एका पातेल्यातला सगळा भात सारखाच शिजलेला असतो. क्वांटम अवस्थेचे शित कोणते, आणि ते पाहिले तर पुरेल हे कशावरून ठरवायचे, हा खरा प्रश्न आहे. कोसंबींनी तो क्वांटम अवस्थेबद्दल विचारला नव्हता. पण वक्ररेषांबद्दल, नाण्यांबद्दल आणि जनुकांबद्दल त्यांनी जवळपास हेच विचारले होते.

गोव्याचा मुलगा हार्वर्डला कसा पोहोचला?

दामोदर कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक. ज्ञानाच्या शोधात त्यांनी घर सोडले होते आणि नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा प्रवास केला होता. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले आणि दामोदर यांचे सुरुवातीचे शिक्षण पुण्यात झाले.

धर्मानंदांना बौद्ध ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने बोलावले होते. १९१८ मध्ये ते पुन्हा तिकडे निघाले, तेव्हा मुलगा आणि थोरली मुलगी माणिक यांना सोबत घेऊन गेले. दामोदर तेव्हा अकरा वर्षांचे होते. केंब्रिज लॅटिन स्कूलमधून शिक्षण पुरे करून त्यांनी हार्वर्डमध्ये प्रवेश घेतला. गणिताबरोबरच ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन अशा भाषाही त्यांनी आत्मसात केल्या. १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी घेऊन ते भारतात परतले. पीएचडी मात्र त्यांनी केली नाही.

परतल्यावर बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी दोन वर्षे शिकवले. १९३१ मध्ये नलिनी मडगावकर यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि त्याच सुमारास फ्रेंच गणिती आंद्रे वेल यांच्या निमंत्रणावरून ते अलीगढ मुस्लीम विद्यापीठात गेले. या दोघांच्या मैत्रीतून गणिताच्या इतिहासातला एक गमतीदार किस्सा घडला. वेल यांच्या सांगण्यावरून कोसंबींनी एका लेखात बूरबाकी नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या गणितज्ञाच्या प्रमेयाचा हवाला दिला. काही वर्षांनी वेल आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी याच नावाने एकत्र लिहायला सुरुवात केली आणि बूरबाकी हे नाव जगभर गाजले. गणिताच्या लेखात हे नाव आधी छापले गेले ते कोसंबींच्या हातून.

१९३३ मध्ये त्यांचा एक लेख जर्मनीतील नामांकित गणित नियतकालिकात छापून आला आणि त्याला फ्रान्सचे विख्यात गणिती एली कार्तां यांची टिप्पणी जोडलेली होती. बदलत्या गोष्टींच्या मार्गांचा भूमितीने अभ्यास करण्याची ही पद्धत पुढे कोसंबी-कार्तां-चर्न सिद्धांत म्हणून ओळखली गेली. त्याच वर्षी कोसंबी पुण्याला आले आणि वडिलांनी जिथे पाली शिकवली होती, त्याच फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले.

१९४३च्या लेखात नेमके काय होते?

फर्ग्युसनमध्ये त्यांनी सुमारे बारा वर्षे काढली. हाताशी मोठी प्रयोगशाळा नव्हती, संशोधक विद्यार्थ्यांचा ताफा नव्हता. दुसरे महायुद्ध सुरू असल्याने परदेशी नियतकालिकांशी संपर्क तुटक झाला होता. अशा काळात, १९४३ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा ‘स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस’ हा छोटा लेख प्रसिद्ध झाला.

त्यातली कल्पना समजून घ्यायला भाईंदर स्थानकाचे उदाहरण घेऊ. समजा, फलाटावर किती माणसे आहेत हे पहाटे चारपासून रात्री एकपर्यंत दर मिनिटाला मोजले. एका दिवसाचे १,२६० आकडे झाले. त्यांचा आलेख काढला की एक वक्ररेषा मिळते. वर्षभर असे केले तर ३६५ वक्ररेषा आणि साडेचार लाखांहून अधिक आकडे हाती येतील. कोणतेही दोन दिवस तंतोतंत सारखे नसतील.

पण रोज चर्चगेटला जाणाऱ्याला हे ठाऊक असते, की या साऱ्या दिवसांमागे मोजकेच साचे आहेत. एक साचा नोकरदारांच्या सकाळच्या गर्दीचा आणि संध्याकाळी परतणाऱ्यांचा. दुसरा रविवारचा. तिसरा मुसळधार पावसाचा, ज्यात गाड्या रखडतात आणि गर्दी पुढे सरकते. कोणताही दिवस म्हणजे सरासरी दिवस, अधिक पहिला साचा इतका, अधिक दुसरा साचा तितका, अशी बेरीज करून सांगता येतो. म्हणजे १,२६० आकड्यांचे काम तीन-चार आकड्यांत होते.

कोसंबींच्या गणिताने दोन गोष्टी साधल्या. एक, हे साचे आपण अंदाजाने ठरवायचे नाहीत. ते मोजलेल्या वक्ररेषांमधूनच निघतात. दोन, ते महत्त्वाच्या क्रमाने निघतात. पहिला साचा सर्वाधिक चढउतार समजावतो, दुसरा उरलेल्यातला सर्वाधिक, तिसरा त्याहून उरलेल्यातला. शिवाय एका साच्याची माहिती दुसऱ्यात मिसळलेली नसते. त्यामुळे पुढचे साचे सोडून दिले, तर नेमके किती गमावले याचा हिशेब आधीच मिळतो.

मोजक्याच गोष्टी मोजलेल्या असतील, तर अशी विभागणी करण्याची पद्धत आधीपासून होती. इंग्लंडचे कार्ल पिअर्सन यांनी १९०१ मध्ये आणि अमेरिकेचे हॅरॉल्ड होटेलिंग यांनी १९३३ मध्ये ती मांडली होती. कोसंबींनी ती अखंड वक्ररेषांना, म्हणजे जिथे मोजण्याच्या जागा अगणित आहेत अशा गोष्टींना लागू केली.

मग त्यांचे नाव का राहिले नाही?

पुढच्या काही वर्षांत फिनलंडचे कारी कारहुनेन आणि फ्रान्सचे मिशेल लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे हेच गणित अधिक विस्ताराने मांडले. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ते कारहुनेन-लोएव्ह विस्तार या नावाने गेले. युद्धकाळात भारतात छापलेला लेख फार कमी जणांच्या हाती पडला आणि कोसंबींनीही तो विषय पुढे सलग लावून धरला नाही.

या गणिताचा वापर मात्र वाढत गेला. १९६७ मध्ये वाहत्या हवेतील खळबळीचा अभ्यास करण्यासाठी ते वापरले गेले, १९८७ मध्ये चेहरे ओळखण्यासाठी. मोबाइलमधल्या फोटोशीही त्याचे नाते आहे. जेपीईजी फोटो लहान करण्यासाठी जी गणिती क्रिया वापरतात, ती १९७४ मध्ये नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी मांडली. आपली सोपी क्रिया कारहुनेन-लोएव्ह पद्धतीच्या किती जवळ जाते, हेच त्यांनी दाखवले होते, कारण ती पद्धत सर्वोत्तम मानली जात होती. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो कमी डेटात जातो, त्यामागे या विचाराचा वाटा आहे.

हवाई विज्ञानातील ज्येष्ठ शास्त्रज्ञ रोद्दम नरसिंह यांनी २०११ मध्ये ‘रेझोनन्स’ या नियतकालिकात लेख लिहून कोसंबींच्या या अग्रहक्काकडे लक्ष वेधले. अलीकडे काही लेखक या प्रमेयाच्या नावात कोसंबींचे नावही जोडतात.

नाणी आणि जनुकांशी याचा काय संबंध?

कमी खुणांवरून न दिसणारी गोष्ट ओळखायची, हा कोसंबींच्या कामातला समान धागा आहे. प्राचीन भारतातील चांदीच्या आहत नाण्यांवर राजाचे नाव नसते, वर्ष नसते. असतात त्या फक्त ठोकलेल्या खुणा. मग नाणे कधीचे, हे कसे कळणार?

कोसंबींनी तराजू हाती घेतला. टांकसाळीतून नव्याने बाहेर पडलेल्या नाण्यांची वजने जवळपास सारखी असतात. नाणी हातोहाती फिरू लागली की झिजतात. त्यांचे सरासरी वजन घटते आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढतो. हा नियम तपासण्यासाठी त्यांनी आधी त्या काळी चलनात असलेली ब्रिटिश भारताची नाणी हजारोंच्या संख्येने मोजली. त्यानंतर तक्षशिलेला सापडलेल्या प्राचीन नाण्यांच्या साठ्यांना तेच गणित लावले. नाण्याच्या मागच्या बाजूला जितक्या खुणा जास्त, तितके वजन कमी, असे त्यांना आढळले. यावरून कोणती नाणी किती काळ फिरली आणि कोणती आधीची, याचा क्रम त्यांनी लावला. त्यांचे सर्व निष्कर्ष नाणकशास्त्राच्या सगळ्या अभ्यासकांनी मान्य केले नाहीत. पण नाणे वाचता येत नसेल तर त्याचे वजन वाचता येते, हा मार्ग त्यांनी दाखवला.

१९४४ मध्ये त्यांनी जनुकशास्त्रात असाच एक प्रश्न सोडवला. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, हे थेट दिसत नसे. संततीत ती किती वेळा वेगळी होतात, एवढेच मोजता येई. या मोजलेल्या प्रमाणावरून अंतर काढण्याचे एक सुटसुटीत सूत्र कोसंबींनी दिले. कोसंबी मॅपिंग फंक्शन या नावाने ते आजही पिकांच्या जनुकीय नकाशांसाठी वापरले जाते. इतिहासाच्या वर्गात ज्यांचे नाव घेतले जाते ते कोसंबी आणि हे सूत्र देणारे कोसंबी एकच, हे वापरणाऱ्या अनेकांना माहीत नसते.

टीआयएफआरमधील वर्षे कशी होती?

होमी भाभा यांनी १९४५ मध्ये टीआयएफआरची स्थापना केली आणि सुरुवातीलाच कोसंबींना गणितासाठी बोलावून घेतले. कोसंबी पुण्यातच राहिले. डेक्कन क्वीनने मुंबईला यायचे, संध्याकाळी परत जायचे, असा त्यांचा क्रम होता. गाडीतला वेळ वाचनात आणि लिखाणात जाई. युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी इंग्लंड आणि अमेरिकेत जाऊन तेव्हा नव्याने घडत असलेली इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रे पाहिली. १९४८-४९ मध्ये ते प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेत होते आणि शिकागो विद्यापीठातही त्यांनी शिकवले.

याच काळात त्यांचा इतिहासाचा अभ्यास बहरला. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये आली. भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा त्यांचा प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ १९५६ मध्ये प्रकाशित झाला. व्ही. व्ही. गोखले यांच्याबरोबर त्यांनी संपादित केलेला ‘सुभाषितरत्नकोश’ १९५७ मध्ये हार्वर्डच्या ग्रंथमालेत निघाला. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवून त्यांनी दगडाची बारीक हत्यारे गोळा केली. गावोगावच्या म्हसोबांची आणि देवींची ठाणी पाहिली आणि जुन्या व्यापारी वाटांशी त्यांचा संबंध जोडला.

मात्र संस्थेशी त्यांचे संबंध बिघडत गेले. कोसंबी मार्क्सवादी विचारांचे आणि जागतिक शांतता चळवळीत सक्रिय होते. भारतासारख्या देशाने अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जेकडे लक्ष द्यावे, असे ते जाहीरपणे मांडत. देशाच्या अणुकार्यक्रमाचे प्रमुख असलेले भाभाच संस्थेचे संचालक होते. दोघांमधले अंतर वाढणे स्वाभाविक होते. तरीही शेवटचा घाव गणितातून बसला.

रीमान गृहीतकाने काय घडवले?

मूळ संख्या कशा पसरलेल्या असतात, याविषयीचे रीमान गृहीतक हा गणितातील सर्वांत प्रसिद्ध न सुटलेला प्रश्न. १८५९ मध्ये मांडलेले हे गृहीतक आजही सिद्ध झालेले नाही. कोसंबींना वाटले, की संभाव्यताशास्त्राच्या वाटेने आपण तिथे पोहोचू शकतो. १९५९ मध्ये त्यांनी त्या दिशेचा एक लेख प्रसिद्ध केला, तोही शेतीविषयक संख्याशास्त्राच्या भारतीय नियतकालिकात. मूळ संख्यांच्या क्षेत्रातले तज्ज्ञ ज्या नियतकालिकांत लेख तपासतात, त्यांपैकी ते नव्हते.

तज्ज्ञांनी हा युक्तिवाद मान्य केला नाही. अडचण मुळाशी होती. मूळ संख्या यादृच्छिक असल्यासारख्या वागतात, हे अनेक ठिकाणी दिसते. पण त्या यादृच्छिक नाहीत, त्या ठरलेल्या आहेत. बहुतेक वेळा खरे ठरेल, असे संभाव्यता सांगू शकते. प्रत्येक वेळी खरेच, असे ती सांगू शकत नाही. नाण्यांच्या साठ्यात एखादे नाणे नियमाबाहेर गेले तरी निष्कर्ष टिकतो. रीमान गृहीतकात नियमाबाहेर गेलेली एक जागाही सगळे मोडून टाकते. मोजक्या नमुन्यांवरून संपूर्णाची ओळख करून देण्यात ज्याने आयुष्यभर यश मिळवले, त्याला ही सीमा ओलांडण्याचा मोह नडला. मूळ संख्यांवरचे पुढचे काही लेख त्यांनी एस. ड्युक्रे या टोपणनावाने छापले, त्यानेही शंका दूर झाल्या नाहीत.

१९६२ मध्ये टीआयएफआरमधील त्यांची नेमणूक पुढे वाढवण्यात आली नाही. त्याच वर्षी जानेवारीत कुलाब्याच्या नव्या इमारतीचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले होते. संस्था स्थिरावली आणि तिच्या पहिल्या गणितज्ञांपैकी एक बाहेर पडला. त्याच साली त्यांचे ‘मिथ अँड रिअॅलिटी’ प्रकाशित झाले. १९६४ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद शास्त्रज्ञपद दिले. १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचा त्यांचा ग्रंथ आला. २९ जून १९६६ रोजी पुण्यात राहत्या घरी झोपेतच त्यांचे निधन झाले. वयाची ५९ वर्षे पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता.

क्वांटम अवस्था ओळखताना हे गणित कुठे येते?

क्वांटम अवस्था आकड्यांच्या एका चौकोनी तक्त्याने सांगतात. त्याला डेन्सिटी मॅट्रिक्स म्हणतात. कोसंबी ज्या तक्त्यातून वक्ररेषांचे साचे काढत होते, त्याच्याशी याची गणिती ठेवण मिळतीजुळती आहे. या तक्त्यातूनही मूळ साचे निघतात, महत्त्वाच्या क्रमाने निघतात आणि प्रत्येकाचा वाटा किती हे कळते.

यंत्र नीट चालत असेल, तर अवस्था जवळपास एकाच साच्याची असते. उरलेले बारीक वाटे यंत्रातल्या गोंगाटाचे असतात. मग सगळे आकडे मोजण्याची गरज उरत नाही. सहा क्यूबिटची अवस्था एकाच साच्याची असेल, तर ४,०९५ ऐवजी १२६ आकड्यांत ती सांगता येते. दहा क्यूबिटसाठी साडेदहा लाखांच्या जागी २,०४६ पुरतात. २०१० मध्ये डेव्हिड ग्रॉस आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की साचे थोडे असतील तर यादृच्छिकपणे निवडलेल्या थोड्या मोजमापांतूनही पूर्ण अवस्था उभी करता येते. २०१४ मध्ये सेथ लॉइड, मसूद मोहसेनी आणि पॅट्रिक रेबेनट्रोस्ट यांनी आणखी पुढची पायरी मांडली. अज्ञात अवस्थेच्या अनेक प्रती क्वांटम संगणकालाच देऊन त्याच्याकडूनच मुख्य साचे काढून घेण्याची ही पद्धत आहे.

त्यानंतर प्रश्नच थोडा बदलला. संपूर्ण अवस्था कळायलाच हवी का? की तिच्याविषयीच्या ठरावीक प्रश्नांची उत्तरे पुरतील? २०१८ मध्ये स्कॉट आरन्सन यांनी आणि २०२० मध्ये हुआंग, क्युंग व प्रेस्किल यांनी या दिशेने काम केले. अवस्थेची यादृच्छिक दिशांनी थोडी मोजमापे घ्यायची आणि ती साठवून ठेवायची. त्यांना अवस्थेच्या सावल्या म्हणतात. थोड्या क्यूबिटपुरते मर्यादित असलेले शेकडो प्रश्न नंतर याच सावल्यांना विचारता येतात. प्रश्न दुप्पट झाले तरी मोजमापे दुप्पट होत नाहीत, किंचितच वाढतात.

मर्यादा कोणती?

भाईंदर स्थानकाच्या उदाहरणाकडे पुन्हा पाहू. साचे ठाऊक असतील, तर दिवसातल्या पाच-सहा वेळांची गर्दी मोजूनही पूर्ण दिवसाचा अंदाज येतो. पण एखाद्या दिवशी असे काही घडले, जे वर्षभरात कधीच घडले नव्हते, तर जुने साचे चुकीचे उत्तर देतात आणि ते चुकीचे आहे हे चटकन कळतही नाही. अवस्थेतले साचे थोडेच आहेत हे गृहीत धरून कमी मोजमापे घेतली आणि प्रत्यक्षात गोंगाटाने असंख्य साचे तयार केले असतील, तर हाती येणारे चित्र देखणे पण खोटे असू शकते. म्हणून आजचे प्रयोगकर्ते काही मोजमापे बाजूला राखून ठेवतात आणि बांधलेले चित्र त्यांच्याशी ताडून पाहतात. कोसंबींनी जुन्या नाण्यांवर निष्कर्ष काढण्याआधी चालू नाणी मोजून नियम तपासला होता, त्यामागेही हीच काळजी होती. मूळ संख्यांच्या बाबतीत अशी पडताळणी पुरेशी नव्हती. तिथे सिद्धता लागत होती आणि तीच हाती नव्हती.

आज कोसंबींना किती श्रेय द्यायचे?

क्वांटम टोमोग्राफीचे जनक म्हणून त्यांना मिरवणे चुकीचे ठरेल. १९४३च्या त्या लेखाचा विषय क्वांटम अवस्था नव्हता आणि आजच्या पद्धती अनेक देशांतील अनेकांनी घडवल्या. पण थोडे साचे शोधा, त्यांचा क्रम लावा आणि किती सोडले त्याचा हिशेब ठेवा, हा या पद्धतींमागचा विचार अखंड वक्ररेषांसाठी आधी मांडणाऱ्यांत पुण्यातला हा प्राध्यापक होता, हे नोंदवायलाच हवे.

३१ जुलै २००८ रोजी टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. गोव्यात त्यांच्या नावाने विचार महोत्सव भरतो. या दोन्ही ठिकाणी प्रामुख्याने आठवले जातात ते इतिहासकार कोसंबी. दुसरीकडे, केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये मंजूर केलेल्या ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेचे एक केंद्र आयआयटी मुंबईत आहे आणि त्याचा विषयच क्वांटम संवेदन आणि मोजमाप हा आहे. त्यासाठी तयार होणाऱ्या विद्यार्थ्यांना कारहुनेन आणि लोएव्ह ही नावे शिकवली जातील. त्यांच्याआधी तोच विचार छापून ठेवणारे तिसरे नाव मराठी घरातले आणि फर्ग्युसनच्या वर्गातले होते, हेही त्यांना सांगितले जायला हवे.